साठ किलो वजनाचे ॲटॉमिक मास युनिट किती?

प्रश्न: मी फार्मसीच्या पहिल्या वर्षाला आहे. बायोकेमिस्ट्रीत प्रोटीनचं वजन किलोडाल्टनमध्ये असतं, म्हणून सहज माझं वजन (६० किलो) ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकून ॲटॉमिक मास युनिटमध्ये बघितलं. एकीकडे ३.६१३२८४७७ई+२८ आलं, दुसरीकडे ३.६१३२८४४६ई+२८. यातलं बरोबर कुठलं? डाल्टन आणि ॲटॉमिक मास युनिट वेगळे आहेत का? आणि हा आकडा म्हणजे माझ्या शरीरातल्या अणूंची संख्या का?

उत्तर: आधी तो ई+२८ बघू. त्याचा अर्थ पुढे गुणिले १० चा २८ वा घात, म्हणजे ३६१ लिहून त्यापुढे २६ शून्यं. डाल्टन आणि आजचं ॲटॉमिक मास युनिट एकच, कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. (साठ वर्षांहून जुन्या पुस्तकात ऑक्सिजनवर आधारलेलं युनिट असतं, ते अगदी किंचित वेगळं, त्याच्याशी गल्लत करू नका.)

आता हिशोब. एक डाल्टन म्हणजे १.६६०५३९०७ गुणिले १० चा उणे २७ वा घात किलो. आपल्या किलोला याने भागायचं, किंवा सरळ ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २६ वा घात याने गुणायचं, उत्तर तेच. ६.०२२ बघून अवोगाद्रोचा आकडा (एका मोलमध्ये, म्हणजे पदार्थ मोजायच्या ठरलेल्या गठ्ठ्यात, किती कण असतात तो आकडा) आठवला असेल तर बरोबर आठवला, कारण मोलची व्याख्याच पूर्वी १२ ग्रॅम कार्बन-१२ वरून केलेली होती, त्यामुळे ग्रॅममधून डाल्टनमध्ये जाताना अवोगाद्रोचाच आकडा येतो आणि किलो हजारपट म्हणून घात २३ चा २६ होतो. २० मे २०१९ पासून अवोगाद्रोचा आकडा व्याख्येनेच पक्का ठरवलाय आणि किलोसुद्धा पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या वजनाऐवजी प्लांकच्या स्थिरांकावर (क्वांटम भौतिकशास्त्रातल्या एका ठरलेल्या आकड्यावर) बांधलाय, त्यामुळे ग्रॅम आणि डाल्टनचं हे नातं आता काटेकोर अर्थाने व्याख्येने नाही तर मोजून ठरतं, पण पहिल्या आठ अंकांत काहीही फरक पडत नाही.

तुमच्या दोन उत्तरांतला फरक इथूनच आलाय. मूलभूत स्थिरांकांच्या किमती कोडेटा नावाची आंतरराष्ट्रीय समिती दर काही वर्षांनी नव्याने देते. पहिल्या कन्व्हर्टरमध्ये २०१० ची किंमत आहे, दुसऱ्यात २०१८ ची. म्हणजे दुसरं जास्त बरोबर, पण हा फरक ६० किलोमागे साधारण ५ मिलिग्रॅमचा आहे, आणि तुमच्या एका उच्छ्वासात त्याहून जास्त पाण्याची वाफ बाहेर जाते!

मला कळकळीने सांगायचंय ते हेच, की कन्व्हर्टर नऊ आकडे देतो म्हणून ते नऊ आकडे आपले होत नाहीत. वजनकाट्याने ६०.० दाखवलं तर खरं वजन ५९.९५ ते ६०.०५ मध्ये कुठंही असू शकतं, ही ५० ग्रॅमची शंका डाल्टनमध्ये केली तर ३ गुणिले १० चा २५ वा घात इतकी होते, म्हणजे तुमच्या उत्तरातल्या ३.६१ पुढचं सगळं हवेतच आहे. आणि हवेचं म्हणाल तर तुमचं शरीर सुमारे ६० लिटर हवा बाजूला सारतं, ती हवा तुम्हाला किंचित उचलून धरते आणि काटा त्यामुळे साठ-सत्तर ग्रॅम कमीच दाखवतो, रोजच्या वापरात हे कोणी धरत नाही आणि धरायची गरजही नाही, पण सातव्या दशांश स्थळावर वाद घालायचा असेल तर आधी हे धरावं लागेल. वहीत ३.६१ गुणिले १० चा २८ वा घात लिहा, ते प्रामाणिक उत्तर आहे.

अणूंची संख्या मात्र ही नाही. हायड्रोजनचा अणू १ डाल्टनचा, कार्बनचा १२, ऑक्सिजनचा १६. शरीरात संख्येने हायड्रोजन सगळ्यात जास्त असल्यामुळे सरासरी ६ च्या आसपास येते, म्हणून ६० किलोत अणू साधारण ६ गुणिले १० चा २७ वा घात. तुमचा आकडा खरं तर प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून किती, हे जवळजवळ सांगतो, चूक एक टक्क्याच्या आत. मला हे फार सुंदर वाटतं, की वजनावरून थेट कणांची मोजदाद होते.

तुमच्या विषयात याचा खरा उपयोग औषधात आहे. पॅरासिटामॉलचा रेणू १५१ डाल्टनचा, तर ५०० मिलिग्रॅममध्ये रेणू किती? ०.५ भागिले १५१, गुणिले अवोगाद्रो, उत्तर सुमारे २ गुणिले १० चा २१ वा घात. हे एकदा हाताने करून बघाच.

प्रश्न: ब्रिटनमध्ये वजन स्टोनमध्ये सांगतात. ९ स्टोन ६ पौंडाचे फेम्टोग्रॅम किती? मला दोनदा वेगवेगळं उत्तर आलं.

उत्तर: तुम्ही एकदा ९.६ स्टोन टाकलं असणार. एका स्टोनमध्ये १४ पौंड असतात, त्यामुळे ९ स्टोन ६ पौंड म्हणजे १३२ पौंड, आणि पौंड म्हणजे बरोब्बर ०.४५३५९२३७ किलो, म्हणजे ५९.८७ किलो. ९.६ टाकलं की ६०.९६ येतं, एक किलोहून जास्त चूक.

दुसरी अडचण किलोची. फेम्टो म्हणजे १० चा उणे १५ वा घात, पण तो ग्रॅमपासून मोजायचा, किलोपासून नाही, म्हणून एका किलोत १० चा १८ वा घात इतके फेम्टोग्रॅम. तुमचं उत्तर ५.९९ गुणिले १० चा १९ वा घात. याहून खाली, प्रत्येक आधीच्याच्या हजाराव्या भागाएवढे, आट्टो, झेप्टो, योक्टो, आणि २०२२ मध्ये आलेले रोंटो, क्वेक्टो. एक डाल्टन १.६६ योक्टोग्रॅमचा, तर इलेक्ट्रॉन ०.९१ रोंटोग्रॅमचा.