आधी तपास, मग सुधारणा

अभ्यास सुधारायचा म्हणून तू केलेली दहा कौशल्यांची यादी तूर्त बाजूला ठेव. सगळं एकदम सुधारायला निघालं की आठवड्यात दम निघतो. मीही ते करून बसलोय.

आज एवढंच कर. काल वाचलेला धडा पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढा लिही, मग ताडून बघ. कागद रिकामा? अडचण लक्षात ठेवण्याची. भरपूर लिहिलंय पण चुकीचं? मग समजण्यातच गफलत आहे. आणि धडा उघडलाच नव्हता, तर प्रश्न वेळेचा. आज बाकी काही तपासूच नकोस.

जिथे गुण सर्वांत जास्त जातात, ते एकच कौशल्य दोन-तीन आठवडे धर.

नवखे हमखास इथे चुकतात:

- पुन्हा पुन्हा वाचणं. ओळखीचं वाटलं म्हणजे आलं असं नाही.
- उजळणी थेट परीक्षेच्या आदल्या रात्री. विसरण्याचा वेग सुरुवातीलाच जास्त असतो, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून मांडलंय. पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी.
- रंगीत पेनं. (माझ्या वह्या फार देखण्या होत्या!)

टिपणांच्या पद्धती, ॲप वगैरे नंतर. जुन्या उत्तरपत्रिकांतल्या चुका मोजून सांग, मग पुढचं ठरवू.