मेटल स्पाइक्सआधी स्लाइड पक्की हवी

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. चार वर्षं सॉफ्टबॉल खेळते, बूट कायम रबरी स्टडचे. यंदा टीममधल्या काही मुलींनी मेटल स्पाइक्स, म्हणजे तळाला धातूचे खिळे असलेले बूट घेतले, म्हणून तिलाही हवेत. घेऊन द्यावेत का?

उत्तर : आधी ती ज्या स्पर्धेत खेळते तिचे नियम बघा, ते वयोगटाप्रमाणे बदलतात. लिटल लीग या मुलांच्या स्पर्धेत मेजर आणि त्याखालच्या, म्हणजे लहान वयाच्या विभागांत मेटल स्पाइक्स चालत नाहीत, ज्युनियर-सीनियर या मोठ्या वयोगटांत चालतात. जिथे चालतात तिथेही खिळ्याची लांबी पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटरच्या आत असल्याची खात्री करून घ्या.

पण नियमात बसतं एवढ्यावर बूट घेऊ नका. तिची स्लाइड, म्हणजे बेस गाठताना जमिनीवरून घसरत जायची पद्धत बघा. रबरी स्टड मातीवर थोडा सरकतो, त्यामुळे चुकलेली स्लाइड बऱ्याचदा निभावून जाते. मेटलची पात पातळ, ती मातीत रुतते. पाऊल जागीच अडकतं, अंग मात्र पुढे जातं आणि घोटा किंवा गुडघा पिळवटतो. वयात येणाऱ्या मुलींना गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटची दुखापत मुलांपेक्षा जास्त होते, त्यामुळे इथे घाई नकोच.

सर्वांत घातक चूक म्हणजे उशिरा आणि बिचकत घेतलेली स्लाइड. बेसच्या अडीच-तीन मीटर आधी खाली बसायला हवं. ‘घेऊ की नको’ करत शेवटच्या पावलाला बसलेल्या मुलीचा पाय थेट बॅगवर, म्हणजे बेसच्या गादीवर आदळतो. एकदा स्लाइड घ्यायची ठरवली की घ्यायचीच, हे अंगवळणी पडू द्या.

सराव बूट काढून सुरू करा. ओल्या गवतावर किंवा मोठ्या पुठ्ठ्यावर, पायात नुसते मोजे, एका वेळी दहा-बारा स्लाइड. एक पाय दुमडलेला, दुसरा जवळजवळ सरळ आणि गुडघ्यात किंचित सैल. पुढच्या पायाचा चवडा वर, पण पाऊल जमिनीपासून फार उंच नको. हनुवटी छातीकडे, हात वर. दुमडलेल्या पायाकडे खास लक्ष द्या : त्याचे खिळे जमिनीकडे नव्हे, बाजूला वळलेले हवेत. रुततो तो हाच पाय.

मग मातीवर रबरी स्टड घालून तेच करून घ्या आणि पॅंटवरचा डाग बघा. कुल्ल्यावर आणि दुमडलेल्या पोटरीच्या बाहेरच्या बाजूला माती लागली असेल तर स्लाइड बरोबर. गुडघ्यावर डाग असेल तर ती गुडघ्यावर पडतेय, तिला अजून मेटल देऊ नका. डाग सलग काही आठवडे योग्य जागी येऊ लागला की मेटल घालून आधी निम्म्या वेगात सराव, मग पूर्ण वेगात.

प्रश्न : मुलगी सेकंड बेसला खेळते. समोरच्या टीमचे स्पाइक्स लागू नयेत म्हणून काय करावं?

उत्तर : पाय बॅगच्या मधोमध ठेवायची सवय मोडा. फोर्स आउटला (रनरला पुढच्या बेसकडे धावणं भागच असतं, तेव्हा नुसता बेस टेकून बाद करताना) बॅगची कड चवड्याने टेकायची आणि बॉल हातात आला की लगेच बाजूला व्हायचं. टॅग करताना, म्हणजे हातातला बॉल रनरला लावून बाद करताना, तिच्या वाटेत पाय पसरू नये, ग्लोव्ह खाली न्यावा. बॉल हातात नसताना वाट अडवली तर ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे रनरला अडवल्याचा नियमभंग होतो, शिवाय नडगी फुटते ती वेगळीच. फर्स्ट बेसला डबल बॅग (दोन रंगांची जोडगादी) असेल तर पांढरा भाग फील्डरचा, नारिंगी रनरचा. हे सरावातही पाळा.

खिळा लागलाच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून रक्त थांबवा, वाहत्या पाण्याने माती पूर्ण धुऊन काढा. जखमेच्या कडा उघड्या राहत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं ते सांगा. मातीच्या जखमेत पाच वर्षं उलटली असतील तर सहसा पुन्हा देतात.

प्रश्न : मेटल स्पाइक्सची निगा कशी राखावी?

उत्तर : ते मैदानावर पोचल्यावरच घाला. सिमेंटवर चालल्याने पाय घसरतो आणि पातीच्या कडेला बारीक धारदार कंगोरे येतात. दर आठवड्याला कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर तिथे कानस मारून कड बोथट करा. कंगोरा निघत नसेल किंवा पात वाकली असेल तर बूट बदला. कृत्रिम गवतावर मात्र रबरी स्टडच घाला, म्हणजे दोन्ही जोड किटच्या पिशवीत हवेत.