चांगली टकिला भेट मिळालीय, कशी प्यायची आणि ग्लास कुठला घ्यायचा?
भावा, आधी बाटलीवर १००% अगावे (कोरफडीसारखी दिसणारी मेक्सिकोची वनस्पती, तिच्यापासूनच टकिला बनते) लिहिलंय का बघ, नुसतं टकिला असेल तर ती मिक्स्टो, म्हणजे दारू बनवायला आंबवलेली साखर निदान ५१% अगावेची आणि उरलेली दुसरीकडची, ती मीठ-लिंबू लावून घोटात संपवलीस तरी काय बिघडत नाही. पण रेपोसादो (लाकडी पिंपात २ महिने ते वर्षाच्या आत मुरवलेली) किंवा अन्येहो (१ ते ३ वर्षं) असेल तर शॉट ग्लास नको राव, त्यात वासाला जागाच नसते आणि सगळी मजा तर वासातच आहे. ऑस्ट्रियाच्या रीडेल कंपनीचा खास टकिलाचा उंच, निमुळता ग्लास येतो, तो कोल्हापुरात शोधत बसू नकोस, शॅम्पेनचा फ्लूट चालतोय की. थोडीच ओत, बर्फ नको, जरा वेळ तशीच ठेव, मग तोंड किंचित उघडं ठेवून हळू वास घे, नाक एकदम खुपसलंस की नुसता अल्कोहोल झोंबतोय. ब्लँकोत (पिंपात न मुरवलेली किंवा जेमतेम मुरवलेली टकिला) भाजलेल्या अगावेचा नि मिरीचा वास येतो, अन्येहोत व्हॅनिलाकडं जातो. आणि तांबड्या रश्श्यासोबत अजिबात नको, जीभ पेटल्यावर काय कळणार घंटा, जेवणाआधीच घे.