लहान-मोठी पिल्लं एकत्र नकोत

भाऊ, तुमची कोंबडीची पहिली पिल्लं महिन्याची झालीत आणि आता दुसरी खेप आणताय, तर दोन्ही एका खुराड्यात ठेवू नका. मोठी पिल्लं लहानांना टोचून खाद्यापासून हाकलतात, ते निदान दिसतं तरी. रक्ती हगवण मात्र गुपचूप येते. मोठी वरून ठणठणीत दिसतात, पण त्यांच्या विष्ठेतून लहानांना लागण होते. म्हणून रोज आधी लहानांचं खाद्य-पाणी उरका, मग मोठ्यांकडे जा.

नव्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते, पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करा. माझं लक्ष थर्मामीटरपेक्षा पिल्लांवर जास्त असतं. उबेच्या बल्बखाली गठ्ठा करून ओरडत असतील तर थंडी वाजतेय. कडेला पंख सैल सोडून धापा टाकत असतील तर बल्ब वर घ्या. पिल्लांभोवती पत्र्याचा गार्ड, म्हणजे आडोसा, गोलच लावा. कोपरा मिळाला की ती एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. खाली अंथरलेलं तूस ओलं झालं की लगेच बदला.

आठ आठवडे स्टार्टर (लहान पिल्लांचं खाद्य), मग ग्रोअर (वाढत्या पिल्लांचं). लेयर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना अजिबात नको, त्यातल्या जादा कॅल्शियमने मूत्रपिंडं खराब होतात. पुढे सगळी एकत्र सोडलीत, तर सगळ्यांना ग्रोअरच द्या आणि कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. अंड्यावर आलेल्या तलंगा (तरुण कोंबड्या) तो आपणहून खातात.

मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस ५ ते ७ दिवसांच्या वयात द्यायची असते, म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात आजच विचारून ठेवा.