अर्थ पाठ आहे, पण वाक्यात शब्द बसत नाही

प्रश्न : बाई, माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी निबंधासाठी एका पुस्तकातले अवघड शब्द रोज अर्थासकट पाठ करतो. अर्थ विचारला तर लगेच सांगतो, पण लिहिताना शब्द सुचत नाहीत. सुचले तर सर लाल रेघ मारतात. ‘द डॉक्टर मिटिगेटेड माय फीवर’ यात काय चुकलं?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : व्याकरण बरोबर आहे. ‘मिटिगेट’ म्हणजे तीव्रता कमी करणं, हेही बरोबर. पण तापाबद्दल इंग्रजीत तसं कुणी म्हणत नाही, ‘ब्रॉट डाउन’ म्हणतात. ‘मिटिगेट’च्या पुढे रिस्क, डॅमेज, इम्पॅक्ट असे शब्द येतात. इंग्रजी पेपरात दुष्काळाची बातमी वाचा, ‘मेजर्स टु मिटिगेट द इम्पॅक्ट ऑफ ड्रॉट’ अशी रचना सापडेल. पुस्तकानं तुम्हाला अर्थ दिला, शेजार दिला नाही. अशा याद्यांचा मला राग येतो. कष्टाळू मुलं त्यात महिनेच्या महिने घालवतात आणि वर आपलं इंग्रजीच कच्चं म्हणून खचतात.

यादी हवीच असेल तर ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ घ्या. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी ती 2000 साली प्रसिद्ध केली. विद्यापीठीय लेखनात वारंवार येणारी 570 शब्दकुटुंबं, म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपं, तिच्यात आहेत. अ‍ॅसेस, डिराइव्ह, सिग्निफिकंट असे हे शब्द दिसायला भारदस्त नाहीत, पण निबंधाला पानोपानी लागतात.

तीही पाठ मात्र करू नका. त्यातला शब्द वाचनात भेटला की अख्खं वाक्य वहीत उतरवा. त्याखाली तोच शब्द घेऊन बार्शीबद्दल एक वाक्य लिहा : ज्वारीचा भाव, एसटीची गर्दी, काहीही. दिवसाला तीन-चार शब्द पुष्कळ झाले. शंका आली तर इंग्रजी-मराठी कोशावर थांबू नका. ऑक्सफर्डचा लर्नर्स कोश उघडून नुसती उदाहरणाची वाक्यं वाचा, शेजारचे शब्द तिथेच कळतात. दोन दिवसांनी वहीतल्या वाक्यातला तो शब्द बोटानं झाकून आठवून पाहा, मग आठवड्यानं पुन्हा. नुसतं डोळ्यांखालून घालण्यापेक्षा असं आठवून पाहिलेलं जास्त टिकतं.

परीक्षा जवळ आली असेल तर ज्याचं वाक्य तुम्ही आधी कधी केलेलं नाही, असा शब्द उत्तरपत्रिकेत घालू नका. तिथे ‘रिड्यूस’ लिहा. त्यानं गुण जात नाहीत.