ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट: भार एकाचा, तोल दुसऱ्याचा

प्रश्न असा आला आहे: ‘ट्रान्सफर आणि ट्रान्सलेट हे दोन्ही इंग्रजी शब्द एकाच लॅटिन क्रियापदापासून आले, असं शब्दकोशात दिलंय. पण ट्रान्स सोडला तर उरलेल्या फर आणि लेटमध्ये एकही गोष्ट जुळत नाही. कोशाची चूक तर नाही ना?’

कोश बरोबर आहे. ते क्रियापद म्हणजे फेर्रे, अर्थ ‘वाहून नेणं, आणणं, सोसणं’. लॅटिन शिकणाऱ्याला त्याची रूपं घोकावी लागतात: फेरो (मी नेतो), फेर्रे (नेणे), तुली (मी नेलं), लातुम (नेलेलं). वर्तमानकाळी रूपापासून ट्रान्सफर आला, भूतकाळी विशेषणापासून ट्रान्सलेट. दोन्हींचा मूळ अर्थ ‘पलीकडे नेणं’.

एका क्रियापदाची रूपं इतकी परकी कशी, याचं नवल आपल्याला तरी वाटू नये. ‘मी जातो’ आणि ‘मी गेलो’ आपण रोज म्हणतो. जातो संस्कृत ‘या’ धातूचा, गेलो ‘गम्’चा. दोन धातूंनी मिळून एक संसार थाटलाय आणि वैयाकरणाखेरीज कुणाच्या ते लक्षातही येत नाही. फेर्रेचं तेच झालं.

गंमत पुढे आहे. लॅटिन आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे त्या संसारातले दोन्ही धातू आपल्याकडेही आहेत.

पहिला धातू म्हणजे संस्कृतातला भृ. रूपं शेजारी ठेवून मोठ्याने म्हणून पाहा: फेरो, फेर्स, फेर्त, फेरिमुस, फेर्तिस, फेरुन्त, आणि भरामि, भरसि, भरति, भरामः, भरथ, भरन्ति. शब्दाच्या सुरुवातीच्या जुन्या भ चा लॅटिनमध्ये फ होतो, जसं भ्राताचं तिकडे फ्रातेर. भार, भारी, भरणपोषण, भार्या, भृत्य हे सगळं याच घरातलं. मराठीतलं ‘भरणे’ही तिथलंच, फक्त अर्थ वाहण्याकडून भरण्याकडे सरकला. फारसीतही हा धातू आहे, बुर्दन म्हणजे नेणं. त्यातून पैगंबर, म्हणजे पैगाम घेऊन येणारा; आणि दिलबर, म्हणजे काळीज घेऊन जाणारा. या ‘बर’ची आणि ल्युसिफरमधल्या ‘फर’ची व्युत्पत्ती एकच. (ल्युसिफर म्हणजे ‘प्रकाश आणणारा’. लॅटिनमध्ये ते पहाटेच्या शुक्राचं नाव होतं, सैतानाच्या खात्यावर ते नंतर जमा झालं.)

दुसरा धातू उचलण्याचा, पेलण्याचा: संस्कृत तुल्. तुला, तोल, तोलणे, तुलना आणि सराफाकडचा तोळा, सगळे त्याचे. लॅटिन तुली सरळच या धातूचं आहे. रोमन नाटककार प्लाउटुसच्या जुन्या नाटकांत ते तेतुली असं द्वित्व होऊनही (सुरुवातीचं अक्षर दोनदा येऊन) भेटतं, संस्कृतात परोक्ष भूतकाळात होतं तसं. लातुम मात्र वेष पालटून बसलंय. ते मुळात त्लातुम. शब्दारंभीचा ‘त्ल’ लॅटिनला झेपेना, त गळून पडला. म्हणजे ट्रान्सलेटमधला ल हा आपल्या तोलातला ल. टॉलरेट, म्हणजे सोसणं, हाही याच धातूचा. टॅलेंटही, कारण ग्रीकमध्ये तालान्तोन म्हणजे तराजू, मग त्यात तोललेलं वजन, मग तेवढी चांदी. गुणवत्तेचा अर्थ बायबलमधल्या एका दाखल्यामुळे चिकटला.

जोड्या लावायला बसलं की मग फार अडत नाही. रेफर–रिलेट, कॉन्फर–कोलेट, प्रिफर–प्रीलेट (चर्चमधला वरिष्ठ धर्माधिकारी). ऑफरचा जोडीदार ऑब्लेशन, म्हणजे देवाला केलेलं अर्पण, तो चर्चबाहेर फारसा दिसत नाही. लेजिस्लेटर म्हणजे कायदा ‘आणणारा’. आपणही विधेयक ‘आणलं’ असंच म्हणतो. लॅटिनमधली ॲब्लेटिव्ह विभक्ती म्हणजे ‘दूर नेलेलं’, आपली पंचमी, ऊन-हून. मला सगळ्यात आवडतं ते इंग्रजी पुस्तकांच्या तळटीपांतलं ‘सीएफ’. ते कॉन्फेर या लॅटिन आज्ञार्थाचं लघुरूप: ‘एकत्र आणून पाहा’. त्या जागी आपण लिहितो ‘तुलना करा’. त्यांनी पहिला धातू वापरला, आपण दुसरा.

ट्रान्सलेशनचा ‘हलवणं’ हा जुना अर्थही अजून गेलेला नाही. भूमितीत आकृती न फिरवता सरळ सरकवली तर ते ट्रान्सलेशन. संताचे अवशेष एका जागेहून दुसरीकडे नेणं, यालाही चर्चच्या इंग्रजीत हाच शब्द आहे. फ्रान्सिस झेवियर 1552 मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. त्यांचा देह मलाक्कामार्गे 1554 मध्ये गोव्यात आणला, ते त्या अर्थाने ट्रान्सलेशनच.

आता ज्याच्या संततीने एवढा पसारा मांडला, त्या फेर्रेचं स्वतःचं काय झालं? बोलीतून गेलं. लॅटिनच्या लेकींनी नेण्यासाठी दुसरी क्रियापदं धरली: फ्रेंच पोर्ते आणि इटालियन पोर्तारे ही लॅटिन पोर्तारेपासून, स्पॅनिश येवार आणि पोर्तुगीज लेवार ही लेवारेपासून. फेर्रे फक्त उपसर्गाच्या आडोशाने टिकलं, उदाहरणार्थ पोर्तुगीज सोफ्रेर (सोसणं) आणि प्रेफेरीर.

जाता जाता एक खुलासा, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. मांडवी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतली इंग्रजी ‘फेरी’ फेर्रेची कुणी लागत नाही, आणि आपल्या फेरी-फेऱ्याचीही नाही. ती याच भाषाकुळाच्या जर्मानिक शाखेतली (इंग्रजी, जर्मन वगैरे), आपल्या ‘पार’ची नातलग. आणि फेर्रेला बेदखल करणारं ते पोर्तारे? तेही याच ‘पार’च्या कुळातलं मानतात.