हा डबा भंगारात टाकू का?

पाऊस लागला की माणूस घरात बसतो, आणि घरात बसला की त्याला कपाटातल्या जुन्या वस्तू दिसायला लागतात. त्यामुळे या महिन्यात लॅपटॉप, फोन, दिवे असल्या गोष्टींबद्दल विचारणारी तुमची पत्रं भरपूर आलीत. तीनच घेतोय, आणि पहिलंच जरा लांबलंय.

प्रश्न: मी निवृत्त प्राथमिक शिक्षक, गोव्यात साखळी गावाला असतो. गावच्या जत्रेतल्या नाटकांच्या जुन्या संहिता टाईप करून ठेवायचं काम अंगावर घेतलंय. घरात मुलाचा 2016 चा लॅपटॉप आहे, आय3, 4 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क. बटण दाबून चहा करायला ठेवला तर चहा पिऊन होतो तरी विंडोज उघडत नाही. दुकानदार म्हणतो हा फेका आणि 25 हजारांचा नवा घ्या, मुलगा म्हणतो सेकंडहँड बघू. काय करू?

उत्तर: मास्तर, एवढ्यात काहीच घेऊ नका. तुमच्या लॅपटॉपचं डोकं ठीक आहे, अडलंय ते हार्ड डिस्कवर. तिच्यात खरोखरची तबकडी फिरत असते, लॅपटॉपमध्ये बहुतेक मिनिटाला 5400 फेरे, आणि विंडोज चालू होताना हजारो छोट्या फाईली इकडून तिकडून उचलायच्या असतात, त्यात तिचा जीव जातो. तिच्या जागी 2.5 इंची साटा एसएसडी, म्हणजे तबकडी नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी डिस्क बसवा, 256 जीबीचा पुरे, नाटकं टाईप करून करून किती करणार? सोबत 4 जीबी रॅम वाढवा, पण आधी झाकण उघडून जुन्या रॅमवर डीडीआर3एल लिहिलंय की डीडीआर4 ते बघा, त्या काळच्या मशीनमध्ये दोन्ही सापडतात आणि एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही, आणि रॅमला मोकळी खाच आहे ना तेही त्याच वेळी कळेल. भाच्याचा असलाच एक लॅपटॉप मी म्हापशाला घरी उघडला होता, आधी डेस्कटॉप यायला साडेतीन मिनिटं लागायची, नंतर वीस-बावीस सेकंद. त्याची आई म्हणाली, नवीनच आणलास ना खरं सांग.

आता माझा गाढवपणा ऐका. झाकणाचे स्क्रू काढून सगळे एका वाटीत टाकले. बसवताना लांब स्क्रू आखूड भोकात गेला, मी जोर लावला, आणि टचपॅडच्या बाजूला जिथे मनगट टेकतं तिथे आतून एक बारीक टेंगूळ वर आलं. ते अजून आहे आणि भाचा अजून दाखवतो. तेव्हापासून मी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागे लॅपटॉपचा चौकोन काढतो आणि ज्या कोपऱ्यातला स्क्रू त्याच कोपऱ्यात चिकटपट्टीने लावून ठेवतो. आणि हो, झाकण उघडल्यावर पहिलं काम बॅटरीची वायर काढायची, बाकी सगळं मग.

विंडोजचं सांगायचं तर विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो, तुमचा त्याच्या आधीचा. जुगाड करून बसतं, पण मी नाही सांगणार. विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट घाला, फुकट आहे, पेनड्राईव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, तुमचा प्रिंटर चालतो का तेही तेव्हाच बघा. त्यातल्या लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्या प्रोग्राममध्ये, टायपिंगचं काम आरामात होतं आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. एकच अडचण येईल, कुणी जुन्या संहिता श्रीलिपीसारख्या फॉण्टमध्ये टाईप केलेल्या दिल्या तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नसतात, उघडल्यावर अगम्य अक्षरं दिसतील, घाबरू नका, कन्व्हर्टरमधून काढा आणि मग जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याखालून घाला, चूक असली तर तिथेच असते. जुनी हार्ड डिस्क फेकू नका, यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे वायरने लॅपटॉपला जोडायच्या डबीत, घातली की संहितांची दुसरी प्रत ठेवायला झाली.

आणि एवढं करून मुलाचा हट्ट राहिलाच तर ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप बघा. थिंकपॅड टी480 मला आवडतो, 2018 चा, आठव्या पिढीचा, रॅम बदलता येते आणि दोनपैकी एक बॅटरी तर खटका सरकवून बाहेर निघते. घेताना विक्रेत्याला बॅटरी रिपोर्ट काढायला लावा. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज होणारी क्षमता असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर भाव पाडा. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला, आधीच्या ऑफिसचा पासवर्ड असेल तर उठून या. शिवाय आपल्याकडचं खास, मोबाईलचा टॉर्च मारून यूएसबी आणि चार्जिंगच्या भोकात बघा. किनाऱ्याकडच्या घरात चार पावसाळे काढलेल्या मशीनच्या पिना हिरवट दिसतात, वरून कितीही पुसून चकचकीत केलेलं असू दे.

प्रश्न: पेडण्याहून. कॉलेजात आहे. घरात 2017 चा अँड्रॉइड फोन पडून आहे, त्यात कस्टम रॉम (कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी दुसऱ्यांनी बनवलेलं) टाकून मुख्य फोन म्हणून वापरू का? मित्र म्हणतो एकदम नव्यासारखा होतो.

उत्तर: मुख्य फोन म्हणून नको रे. लिनेजओएस हे असलंच एक रॉम चांगलं आहे, 2016 च्या शेवटी सायनोजेनमॉड बंद पडल्यावर त्यातूनच निघालं, पण तुझं नेमकं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का ते आधी बघ, त्याच नावाचा दुसरा प्रकार चालत नाही. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन चालू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडावं लागतं; ते उघडलं की फोनमधलं सगळं पुसलं जातं, काही कंपन्या त्या परवानगीसाठी 168 तास थांबवतात आणि काही उघडूच देत नाहीत. नंतर बँकेचं ॲप रुसतं ते वेगळंच, आणि काणकोणच्या बसमध्ये यूपीआय चाललं नाही तर मित्र येणार नाही तुझं तिकीट काढायला. गाण्यांसाठी, पीडीएफ वाचायला ठेव. आणि त्याआधी फोन टेबलावर पालथा ठेवून बघ, पाठ डुगडुगली तर बॅटरी फुगलीय, मग चार्जिंगलाच लावू नकोस. वापरलेला दुसरा फोन घेणार असशील तर *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर काढ, इंग्रजीत KYM लिहून पुढे तो नंबर 14422 ला एसएमएस कर, काळ्या यादीतला असला तर लगेच कळतं.

प्रश्न: फोंड्याहून. मागच्या चवथीला गणपतीच्या मागे मोबाईलवरून रंग बदलणारी 5 मीटर एलईडी पट्टी लावली. सुरुवातीला पांढरी आणि शेवटाकडे तांबूस दिसायची, मध्येच बंद पडायची. दोन पट्ट्या बदलल्या तरी तेच. पट्टी बोगस असेल का?

उत्तर: पट्टी नाही, पॉवर कमी पडतेय. तुमची पट्टी मीटरला 60 दिव्यांची असेल तर 300 दिवे झाले, पूर्ण पांढऱ्या उजेडात एक दिवा 60 मिलीॲम्पपर्यंत ओढतो, म्हणजे हिशेबाने 18 ॲम्पिअर, 5 व्होल्टला 90 वॉट. तुम्ही तिला मोबाईलचा 2 ॲम्पचा चार्जर लावला असणार. शिवाय पट्टीतलं तांबं इतकं पातळ की पुढे पुढे व्होल्टेज उतरत जातं, निळा आणि हिरवा आधी मान टाकतात, लाल कमी व्होल्टेजवरही तग धरतो, म्हणून शेवट तांबूस. दुसरी पट्टी आणली तरी तीही तशीच दिसणार, विक्रेत्याचं काय जातंय.

5 व्होल्ट 10 ॲम्पचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे 5 व्होल्ट करणारा पत्र्याचा डबा घ्या, पट्टीच्या दोन्ही टोकांना जाड वायरने पॉवर द्या आणि कंट्रोलरमधून उजेड निम्म्यावर आणा, देवघरात तेवढा पुष्कळ होतो. कंट्रोलर म्हणून ईएसपी32 या छोट्या वायफाय बोर्डवर डब्ल्यूएलईडी हा दिवे चालवणारा फुकट प्रोग्राम टाकला तर त्यात जास्तीत जास्त करंट किती ओढायचा ते ठरवून ठेवता येतं, पट्टीबरोबर येणाऱ्या रिमोटपेक्षा ते कितीतरी बरं. त्या बोर्डला वेगळा चार्जर लावलात तर त्याचा आणि एसएमपीएसचा ग्राउंड, म्हणजे मायनसची वायर, एकत्र जोडा, नाहीतर दिवे वेड्यासारखे लुकलुकतात. पट्टीवर बारीक बाण छापलेला असतो, डेटा त्याच दिशेने जातो. मी पहिल्यांदा उलट्या टोकाला सोल्डर केलं आणि रात्री दीड वाजेपर्यंत कोड तपासत बसलो, बायको झोपेतून उठून आली आणि म्हणाली तो बाण कसला आहे.

एसएमपीएस माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीच्या, खाली ठेवू नका, ओली पानं आणि फळं टपटपत असतात आणि त्या डब्याचे 230 व्होल्टचे स्क्रू उघडेच असतात. प्लॅस्टिकच्या डब्याला भोकं पाडून त्यात बसवा आणि पोरांचा हात पोचणार नाही असा बाजूला ठेवा. चवथीच्या आठवडाभर आधी अर्धा तास चालवून मेन बंद करा आणि मग डब्याला हात लावून बघा, कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर उजेड अजून उतरवा.